चैत्रातली शाळा आणि पालकांचे कर्तव्य

(वस्तीतील पालकांच्या सभेत केलेले भाषण)



मुलांच्या शाळेविषयी बोलण्यासाठी मी हा हंगाम जाणूनबुजून निवडला आहे. शाळेची आठवण आपल्याला बहुधा जून महिन्यात होते. पाऊस येतो, नवी पुस्तके येतात, गणवेशाची धावपळ होते आणि आईबाप मुलाचा हात धरून शाळेच्या दारापर्यंत जातात. पण वकिलीच्या व्यवसायात इतकी वर्षे काढल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की, मुलाचे शालेय भवितव्य जूनमध्ये उघड होते, ठरते मात्र त्याच्या आधी तीन महिने. फाल्गुन संपतो, चैत्र लागतो, शाळेच्या आवारातला कडुनिंब मोहरतो आणि शाळा सकाळची होते, त्याच दिवसांत स्नेहसंमेलन, शेवटची परीक्षा, नव्या मुलांची नोंदणी, चौथीच्या मुलांचा निरोप, जयंत्या, निकाल आणि दाखले अशी सारी कामे उरकली जातात. त्या वेळी आपण रोजगारात, लग्नसराईत आणि पाण्याच्या हंड्यांत गुंतलेले असतो. म्हणून आज या दिवसांचीच हकीकत मी आपल्यापुढे मांडणार आहे, आणि जेथे कायद्याचा संबंध येतो तेथे कायदाही सांगणार आहे.

वसंताचा आणि प्राथमिक शिक्षणाचा संबंध आपल्या देशात जुना आहे, कारण अंदाजपत्रके याच दिवसांत मांडली जातात. नामदार गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले ते १९११ च्या मार्चमध्ये. पुढल्याच वर्षीच्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. त्याच्याही आधी, १८८२ साली, जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन देऊन निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा असे सांगितले होते, आणि शेतकऱ्यांच्या श्रमातून जमणारा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्ची पडतो याकडे बोट दाखविले होते. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये ती सक्ती आणली आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून सर्व मुलांना एका छपराखाली बसविले. बाबासाहेब १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात गेले. त्याच वर्षी १२ मार्च रोजी शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी एक आकडा मांडला, तो प्रत्येक आईबापाने ध्यानात ठेवावा. शाळेत नाव घातलेल्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथीपर्यंत पोचतात. उरलेली ब्याऐंशी वाटेतच गळतात आणि पुन्हा निरक्षर होतात, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षण खात्याचा हेतू मुलांची नुसती नावे घालणे एवढाच असेल तर त्यावरील खर्च वाया जातो, हा त्या भाषणाचा रोख.

आज कायदा बदलला आहे. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, आणि त्याची अंमलबजावणी करणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पुन्हा वसंतच! पण बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न, नाव घातलेले मूल शेवटपर्यंत टिकते का, तो आपल्या वस्तीत आजही विचारावा लागतो.

आता शाळेच्या आवारात चला. संक्रांतीनंतर होळीपर्यंतचा काळ हा मुलांचा खरा आनंदाचा काळ. बाल आनंद मेळाव्यात मुले भेळेची, उसळीची, बोरांची दुकाने मांडतात, भाजी तोलतात आणि सुटे पैसे मोजून देतात. वजाबाकीचा कंटाळा करणारा मुलगा त्या दिवशी दहाच्या नोटेतून सात रुपये वजा करताना चुकत नाही. हा खेळ पाहायला आपण गेलेच पाहिजे. आपली मुलगी गणितात कच्ची की पक्की, हे गुणपत्रिकेपेक्षा त्या दुकानावर अधिक लवकर कळते, आणि ज्या मुलाच्या दुकानावर त्याची आई गिऱ्हाईक म्हणून येते, त्या मुलाची मान त्या दिवशी ताठ असते. हातावर पोट असणाऱ्या आईला अर्ध्या दिवसाची मजुरी बुडविणे जड जाते, हे मी जाणतो. तरीही वर्षातून हा एक दिवस काढावा अशी माझी विनंती आहे.

स्नेहसंमेलनाची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे नाच, नाटुकली, गाणी असतात, आणि तेथेच आपल्या कानांवर तक्रारी येऊ लागतात. आमच्या मुलीला नाचात घेतले नाही. आमच्या मुलाला फक्त खुर्च्या मांडायला आणि मैदान झाडायला लावले. पाहुण्यांना पाणी द्यायला मात्र दुसरीच मुले निवडली. बंधूंनो, मैदान झाडणे हे काम हलके नाही. सर्व मुलांनी पाळीपाळीने झाडले तर ते उत्तम शिक्षण आहे. पण पाळी ठरावीक घरच्या मुलांवरच येत असेल तर तो शिस्तीचा प्रश्न राहत नाही, तो भेदभावाचा प्रश्न होतो. २००९ च्या कायद्याच्या आठव्या आणि नवव्या कलमांनी शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर असे बंधन घातले आहे की, वंचित घटकातील मुलाला शाळेत भेदभाव सोसावा लागता कामा नये. सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली आहे. जातीवरून शाळेत प्रवेश नाकारणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि शैक्षणिक संस्थेत प्रवेश करण्यास अडथळा आणणे हे अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने स्पष्टपणे घातले गेले आहे. असे असले तरी, मुलीला नाचात घेतले नाही म्हणून लगेच पोलीस ठाण्याची पायरी चढू नये, असे मी वकील असूनही सांगतो. प्रथम शिक्षकांना भेटावे, मग मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. ज्या अर्जाची पोच नाही तो अर्ज न्यायालयाच्या दृष्टीने दिलाच गेलेला नाही, असे समजून चालावे.

याच ओघात प्रार्थनेचा आणि पूजेचा प्रश्न येतो. नुकतीच दीक्षा घेतलेल्या घरातील मुलांना हा प्रश्न फार लवकर भेटतो. शाळेत एखाद्या देवतेची पूजा होते, मुलाला नारळ वाढवायला बोलावले जाते, आणि घरी तर बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या असतात. मूल दोन्हींकडे पाहते आणि गोंधळते. राज्यघटनेचे अठ्ठाविसावे अनुच्छेद याबाबत स्पष्ट आहे. जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते तेथे धार्मिक शिक्षण देता येत नाही. जी शाळा मान्यताप्राप्त आहे किंवा अनुदान घेते, तेथे धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला हजर राहण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी. केरळातील तीन भावंडांनी आपल्या धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत गाण्यास नकार दिला होता. ती आदराने उभी राहत, पण गात नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढण्यात आले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांना परत घेण्याचा हुकूम दिला. आपल्याला राष्ट्रगीताविषयी काहीच अडचण नाही, उलट आपण ते अभिमानाने म्हणतो. हा निकाल मी सांगतो तो एवढ्यासाठी की, शांतपणे आणि आदराने बाजूला उभे राहणाऱ्या मुलाला आपल्या कायद्याचे संरक्षण आहे. मुलाला शाळेत भांडायला शिकवू नका. संमती नसल्याचे पत्र पालकाने लिहावे. सात वर्षांच्या मुलावर धर्मचर्चेचे ओझे टाकणे योग्य नाही. ते काम मोठ्यांचे आहे.

मार्च निघाला की शाळा सकाळी सातच्या सुमारास भरू लागते. मूल उपाशीपोटी घरून निघते, म्हणून या दिवसांत शाळेतील भोजनाचे महत्त्व दुप्पट होते. ही खिचडी म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो हक्क कायद्यात आणला. २० एप्रिल २००४ च्या आदेशातील दोन गोष्टी आपल्यापर्यंत पोचलेल्या दिसत नाहीत. एक अशी की, स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलितांना, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावे. दुसरी अशी की, दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुटीतही मुलांना भोजन द्यावे. आपल्या बायाबापड्यांनी शिजवलेले अन्न सर्व मुलांनी एका पंगतीत बसून खावे यात जी क्रांती आहे, ती कित्येक व्याख्यानांनी होणार नाही. जेथे पंगत वेगळी बसते, ताट वेगळे ठेवले जाते, तेथे गप्प बसू नये. आणि आपल्या गावाचा तालुका दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर झाला असेल, तर मे महिन्यात चूल पेटते की नाही हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

आता ज्या गोष्टीसाठी माझे मन सर्वांत अधिक तुटते ती सांगतो. साखर कारखान्यांचा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये संपतो. दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन निघालेली कुटुंबे या दिवसांत गावी परततात. वीटभट्टीवरची कुटुंबे तर पाऊस येईपर्यंत तिकडेच असतात. आईबरोबर गेलेले मूल फडावर धाकट्या भावंडाला सांभाळते, वाढे गोळा करते, आणि परत येते तेव्हा वर्गात त्याची जागा त्याला परकी वाटते. ते वर्गाच्या दारात उभे राहते, आत जात नाही. शिक्षक म्हणतात, आता परीक्षेला पंधरा दिवस राहिले, जूनमध्ये या. आईबापही म्हणतात, ठीक आहे, जूनमध्ये. आणि पुष्कळदा तो जून कधी उगवतच नाही. माझे म्हणणे असे की, गावात पाऊल टाकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मूल शाळेत गेले पाहिजे. शिक्षणाच्या कायद्यात, वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारता येत नाही. चौथ्या कलमाप्रमाणे शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात बसवावे लागते आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे लागते. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी आपल्या राज्यात शिक्षण हमी पत्रक देण्याची व्यवस्था आहे. जाताना ते शाळेकडून घ्यावे, जेथे जाल तेथील शाळेत दाखवावे, परत आल्यावर पुन्हा आपल्या शाळेत द्यावे. मूल मागे ठेवता येत असेल तर हंगामी वसतिगृहाची चौकशी मुख्याध्यापकांकडे दिवाळीपूर्वीच करावी. उचल घेताना मुकादमाशी आपण चार गोष्टी ठरवितो. मुलाच्या शाळेची पाचवी गोष्ट त्याच वेळी घरात ठरली पाहिजे.

परीक्षेविषयी थोडेच सांगतो. आठवीपर्यंत कोणाला नापास करीत नाहीत, अशी समजूत अजून पक्की आहे, आणि ती आता खरी नाही. २०१९ मध्ये केंद्राच्या कायद्याचे सोळावे कलम बदलले आणि त्याच्या आधारे महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवी या दोन इयत्तांसाठी वार्षिक परीक्षा आणली. त्यात मूल अनुत्तीर्ण झाले तर त्याला जादा मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यावी लागते; तीतही ते उत्तीर्ण झाले नाही तर त्याला त्याच वर्गात ठेवता येते. मात्र प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. म्हणून पाचवीच्या मुलाचा निकाल हाती आला की तो कपाटात टाकू नका. मे महिन्यात मामाच्या गावी पाठविण्यापूर्वी जादा मार्गदर्शन केव्हा आहे आणि फेरपरीक्षा कोणत्या तारखेला आहे, हे लिहून घ्या.

परीक्षेच्या या धामधुमीतच ११ एप्रिल आणि १४ एप्रिल येतात. वस्तीत मिरवणुकीची तयारी चालते, वर्गणी जमते, निळे ध्वज लागतात. त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. तो आपल्या हृदयातील उत्सव आहे. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर असताना आदल्या रात्री बारापर्यंत मुलाच्या कानाशी ध्वनिक्षेपक ओरडत असेल, तर ज्यांची जयंती आपण करतो त्यांना ते आवडले असते काय, हा विचार जयंती मंडळाच्या तरुणांनी करावा. शाळेतील जयंतीला मात्र आपण आवर्जून जावे. तेथे आपल्या मुलीला भाषण करू द्या, आणि ते भाषण तिचे तिला लिहू द्या. काका-मामांनी लिहून दिलेली पल्लेदार वाक्ये पाठ करून म्हणणारी मुले मी पुष्कळ ऐकली आहेत. एका लहान शाळेत मात्र दुसरीतल्या एका मुलीने एवढेच सांगितले होते की, बाबासाहेबांना शाळेत पाणी पिऊ देत नव्हते, आमच्या शाळेत नळ आहे पण त्याला पाणी येत नाही. पाहुणे हसले, मुख्याध्यापक हसले नाहीत. पुढल्या आठवड्यात नळ दुरुस्त झाला.

आता नोंदणीकडे येतो. या विषयावर मी अधिक वेळ घेणार आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

पाडव्याच्या सुमारास जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक घरोघर फिरतात. पट वाढवा, अशी त्यांची घोषणा असते. ते आपल्या दारी येतात त्याला एक कारण आहे. राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या लहान शाळा जवळच्या शाळेत मिळवून समूह शाळा उभाराव्यात, असा विचार शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला. आपल्या वस्तीशाळेचा पट घसरला तर तिच्यावरही ही वेळ येऊ शकते, आणि मग सहा वर्षांच्या मुलीला ओढा ओलांडून जावे लागेल. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असे राज्याच्या नियमांत आहे. हा हक्क मागायला तोंड हवे असेल, तर पटावर आपली मुले हवीत.

मुलाचे नाव घालताना शाळेत एक मोठी वही उघडली जाते. तिला जनरल रजिस्टर म्हणतात, खेड्यात दाखल-खारीज म्हणतात. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेतील अशाच एका वहीत भिवा रामजी आंबेडकर असे नाव लिहिले गेले, अनुक्रम १९१४. सव्वाशे वर्षे झाली तरी ती ओळ आजही लोक जाऊन पाहतात. आपल्या मुलाची ओळही तितकीच टिकणार आहे. त्या ओळीत जे लिहिले जाईल ते शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येईल, दाखल्यावरून ते जातीच्या प्रमाणपत्रात जाईल, आणि वीस वर्षांनी पडताळणी समितीपुढे तेच वाचले जाईल. सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील यांच्या खटल्यात १९९४ मध्ये जातपडताळणीची पद्धत घालून दिली आणि राज्याने २००० साली त्यासाठी कायदा केला. त्या सर्व कारभारात जुन्या शालेय नोंदीला फार मोठे वजन आहे. शिक्षक उदार मनाने म्हणतात, सध्या काहीतरी लिहू, पुढे दुरुस्त करता येईल. पुढे ते दुरुस्त होत नाही. मूल शाळेत आहे तोवर उघड चूक सुधारून घेता येते; शाळा सोडल्यावर त्यासाठी वर्षानुवर्षे हेलपाटे पडतात. माझ्या कचेरीत आलेल्या एका तरुणाचे आडनाव बापाच्या दाखल्यावर एक आणि त्याच्या दाखल्यावर दुसरे होते. त्या एका शब्दापायी त्याचा महाविद्यालयीन प्रवेश एक वर्ष लांबला.

धर्माच्या आणि जातीच्या रकान्यांविषयी स्पष्ट बोलतो, कारण नव्याने दीक्षा घेतलेल्या घरांची येथेच फसगत होते. धर्माच्या रकान्यात बौद्ध असेच लिहावे. त्यात संकोच नको. जातीच्या रकान्याचे काय? १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी ठरली. त्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूखेरीज अन्य धर्म पाळणाऱ्यास अनुसूचित जातीचा मानता येणार नाही असे म्हटले होते. १९५६ मध्ये त्यात शीख धर्माचा समावेश झाला आणि बौद्ध धर्माचा १९९० मध्ये. मधल्या काळात महाराष्ट्राने १९६० नंतर आपल्या अखत्यारीतील सवलती चालू ठेवल्या, तरी केंद्राच्या सवलतींना आपल्या वडीलधाऱ्यांची एक अख्खी पिढी मुकली. आज बौद्ध झाल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. परंतु तो हक्क मिळतो तो मूळची जात यादीत आहे म्हणून. बौद्ध हे यादीतील जातीचे नाव नाही, ते धर्माचे नाव आहे. दोन्ही रकान्यांत केवळ बौद्ध असे लिहिले, तर अधिकारी विचारतो की या कुटुंबाची मूळ जात यादीत होती याला पुरावा काय? मग आजोबांचा १९५० पूर्वीचा कागद शोधत फिरावे लागते. अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही, पण पुराव्याची साखळी त्यांनाही हवीच.

यावर कोणी उसळून म्हणेल, आम्ही जात सोडली; ती पुन्हा मुलाच्या कपाळी का लिहावी? हा प्रश्न मानाचा आहे, आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. माझ्या ओळखीच्या काही कुटुंबांनी सवलत नको, नोंद नको, असा निर्धार केला आणि तो निभावला. त्यांना माझा नमस्कार आहे. पण तो निर्धार जाणूनबुजून, परिणाम समजून केलेला असावा. अज्ञानाने मोकळा राहिलेला रकाना म्हणजे निर्धार नव्हे. माझे स्वतःचे मत असे की, त्या रकान्यात लिहिलेला शब्द म्हणजे आपल्या श्रद्धेची कबुली नाही. पिढ्यान् पिढ्या झालेल्या अन्यायाची नोंद राज्याच्या दप्तरात राहावी आणि त्या अन्यायाची जी भरपाई घटनेने मान्य केली ती मुलाला मिळावी, एवढ्यापुरताच त्याचा उपयोग. आपण एकमेकांना त्या शब्दाने ओळखत नाही, मुलाला वर्गात त्या शब्दाने कोणी हाक मारता कामा नये, आणि मारली तर काय करायचे ते मी आधीच सांगितले आहे.

जन्माच्या दाखल्याविषयी एक सूचना. वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, असे चौदावे कलम म्हणते. तथापि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मनोंदणीचा कायदा बदलला आहे. त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशाला आणि इतर अनेक कामांना जन्मतारखेचा पुरावा धरला जाणार आहे. घरात तान्हे मूल असेल तर त्याची नोंद आजच करून घ्या. वर्ष उलटून गेले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो.

खाजगी शाळांतील पंचवीस टक्के राखीव जागांबाबत लोक नेहमी विचारतात. बाराव्या कलमाप्रमाणे विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातील किमान पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांना मोफत द्यावयाच्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल जुलै २०२४ मध्ये रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. हे अर्ज पाडव्याच्या पुष्कळ आधी, थंडीतच निघतात. सोडत निघाल्यावर कागद गोळा करणाऱ्याची जागा जाते. मुलाखत घेणे, मुलाची चाचणी घेणे, देणगी मागणे, या गोष्टींना तेराव्या कलमाने मनाई केली आहे.

चौथीच्या मुलांचा निरोप समारंभ पाहताना मला नेहमी धास्ती वाटते. फुले वाटतात, फोटो काढतात, बाई डोळे पुसतात. पुष्कळ वाड्यावस्त्यांवर शाळा चौथीपर्यंतच आहे आणि पाचवी दुसऱ्या गावात. मुलगे सायकलने जातात. मुलीच्या बाबतीत घरात कुजबुज सुरू होते की रस्ता एकाकी आहे, आता एवढे शिकली ते पुरे. बाबासाहेबांनी सांगितलेली गळती आता चौथीच्या आत होत नसेल, पण चौथीच्या उंबरठ्यावर ती अजून होते. पाचव्या कलमाप्रमाणे मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब दिला पाहिजे, आणि दाखला उशिरा आला म्हणून पुढची शाळा प्रवेश अडवू शकत नाही. ग्रामीण भागातील मुलींना पाचवीपासून पुढे एसटीचा मोफत पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळतो. वस्तीतील चारपाच मुली एकत्र निघाल्या तर रस्ता एकाकी राहत नाही. हे मे महिन्यातच ठरवावे, आणि ते आयांनी ठरवावे. बापांच्या बैठकीत हा विषय निघाला की त्याचे लग्नाच्या विषयात रूपांतर होते, असा माझा अनुभव आहे.

शाळा व्यवस्थापन समितीचे नाव आपण ऐकले असेल. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात असे एकविसावे कलम सांगते. मार्चअखेर अनुदानाचे हिशेब पुरे होतात. ते हिशेब समितीच्या सभेत मांडले गेले का, स्वच्छतागृहाला कडी आहे का, मुलींना वेगळी सोय आहे का, हे त्या सभेत विचारता येते. पुष्कळ ठिकाणी आपल्या एखाद्या भगिनीचे नाव समितीत असते, आणि वही घरी आणून तिचा अंगठा घेतला जातो. ज्या भगिनीचे नाव समितीत आहे तिने सभेला स्वतः जावे आणि इतिवृत्त वाचून दाखविल्याखेरीज सही करू नये. तक्रार लेखी द्यावयाची झाल्यास ती स्थानिक प्राधिकरणाकडे द्यावी. बत्तिसाव्या कलमाप्रमाणे त्यांनी तीन महिन्यांत निर्णय दिला पाहिजे.

माझे सांगणे झाले. मे महिन्याच्या आरंभी निकाल लागेल, त्या दिवशी आईबापांपैकी एकाने तरी शाळेत जावे, आणि निकालाबरोबरच जनरल रजिस्टरातील आपल्या मुलाची ओळ वाचून दाखविण्याची विनंती करावी. नाव, बापाचे नाव, आईचे नाव, आडनाव, जन्मतारीख, धर्म, जात. चूक असेल तर त्याच दिवशी अर्ज द्यावा. अर्ज कसा लिहावा ते ज्यांना हवे असेल त्यांनी सभा संपल्यावर थांबावे; मी अंधार पडेपर्यंत येथेच आहे, आणि ज्यांनी मुलांचे कागद बरोबर आणले आहेत त्यांचे कागद प्रथम पाहू.

जय भीम.